दुपारचं माप

दोरवाल्याला पुढे चालताना गावात फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. सकाळ झाली की तो कमरेभोवती वाखाचा जाडजूड भारा गुंडाळायचा, त्यातली चार-दोन केसरं रहाटाच्या आकड्याला अडकवायचा आणि मागे मागे निघायचा. रहाट फिरे तसा पीळ पडे. पीळ पडे तसा तो बोटांतून वाख सोडत एकेक पाऊल मागे टाके. घराच्या मागच्या पडवीपासून ओढ्याच्या काठापर्यंत शंभर पावलं. त्या लांबट जागेला घरात नुसतं 'चाल' म्हणत.

त्याचे वडील आता खाटेवर बसून वाख विंचरत. ते सांगत, की तरुणपणी त्यांनी एका गलबताचा दोर वळायला घेतला आणि मागे मागे चालत तीन गावं ओलांडली. पहिल्या गावात लोकांनी पाणी पाजलं, दुसऱ्यात दाढी करून दिली, आणि तिसऱ्या गावात एक मुलगी पसंत पडली. ती तोच दोर धरून धरून सासरी आली, म्हणून वाट चुकली नाही. ती मुलगी, म्हणजे दोरवाल्याची आई, हयात होती तोवर तिने ही गोष्ट कधी खरीही म्हटली नाही आणि खोटीही.

रहाट फिरवायची ती दोरवाली, घरची सून. बावीस वर्षं तिने नवऱ्याला दूर दूर जाताना पाहिलं होतं, आणि बावीस वर्षं तो तिच्याकडेच बघत दूर गेला होता. त्याच्या पाठीला डोळे नव्हते, ते काम तिचं. "दगड," ती म्हणायची, की त्याचं पाऊल उचललं जायचं. "डावीकडे." "कोंबडी." "ओल आहे, जपून." तो वळून बघायचा नाही. वळून बघितलं की बोट हलतं, बोट हललं की दोर एका जागी जाड होतो, आणि जाड जागेपाशीच दोर कधीतरी दगा देतो. रहाटाची घरघर, उन्हात तरंगणारे वाखाचे सोनेरी तंतू आणि लांब जाऊन अंगठ्याएवढा दिसणारा नवरा. भर दुपारी तिला वाटायचं, आपण झोपेतच बसलोय आणि हा दोर आपल्या स्वप्नातूनच बाहेर निघतोय.

घराचा एक नियम होता. दोर मोजायचा तो दुपारी. सकाळी दोर दव पितो आणि अंग चोरून बसतो. दुपारी कोरडा वारा लागला की हातपाय ताणून देतो. पहाटे मापात घट्ट बसवलेली गाठ दुपारी ढिली पडते, आणि वर बांधलेलं खाली येतं. म्हणून गिऱ्हाईक सकाळी आलं तरी त्याला झाडाखाली बसवायचे, चहा द्यायचे, आणि दोन वाजेपर्यंत म्हाताऱ्याच्या गोष्टी ऐकवायचे. काही लोक दोर नको पण गोष्टी आवर म्हणून निघून जात. विहिरी खणणारा गवंडी मात्र दर वर्षी येई, बसे, ऐके. त्याची माणसं या दोरावर साठ हात खाली उतरत.

आणि होता ढग.

तीन वर्षांपूर्वी एक ट्रकवाला दोर न्यायला आला होता. वेटोळं उचलून तो गेला आणि जिथे वेटोळं होतं तिथे एक राखाडी पिल्लू झोपलेलं राहिलं. ट्रकवाला परत आला नाही. पिल्लू वाढत गेलं. पहिल्या वर्षी ते घरच्यांना आवडलं, दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांना खटकलं, तिसऱ्या वर्षी त्याचं डोकं एवढं रुंद झालं की दारातून आधी डोकं यायचं आणि बाकीचा कुत्रा जरा वेळाने. कान आखूड, जबडा चौकोनी. त्याने जांभई दिली की चालीतले वाखाचे तंतू तिकडे ओढले जात, असं म्हातारा शपथेवर सांगे. बाकी वेळ तो झोपलेला असे. आकाशातून काहीतरी खाली पडलंय आणि उचलायला कुणी आलेलं नाही, असं दिसायचं.

त्या हंगामात कोरडा वारा लवकर सुटला. सकाळी गवत भिजलेलं आणि दुपारी ओठ फुटणार, अशी हवा. वाख ठिसूळ झाला, दर दहा पावलांना तुटायला लागला. त्याच आठवड्यात गिरणीच्या भिंतीवर एक यादी लागली. शहरातून आली होती. नऊ जाती. या जातींचे कुत्रे चावल्यास जमा करण्यात येतील.

गिरणीवाला हाच गावच्या कमिटीचा अध्यक्ष. काखेत त्याची छोटी पांढरी कुत्री, साखर, कायम दात दाखवत. तो यादी मोठ्याने वाचायचा आणि दळण घ्यायला आलेले लोक ऐकायचे.

"सहावी जात वाचा परत," कुणीतरी म्हणालं.

"रुंद डोकं, आखूड कान, चौकोनी जबडा."

"हे तर दोरवाल्याच्या ढगाचं वर्णन झालं."

"हे तुमच्या मोठ्या भावाचंही वर्णन आहे," एक बाई पिठाची पिशवी बांधता बांधता म्हणाली. "त्यालाही जमा करा. परवा माझ्या अंगावर केवढ्याने ओरडला."

"हसू नका. ती जातच तशी. रक्तात असतं."

"आणि साखर? पेपरवाल्याची पोटरी कुणी फाडली?"

"साखर लहान आहे," अध्यक्ष म्हणाला. "लाडात येते."

साखर लाडात येऊन त्याच दिवशी पिशवीवालीच्या पदराला लोंबकळली. सगळे कौतुकाने हसले.

चार दिवसांनी ते घडलं.

दोरवाला बाजाराला जायचा होता, सकाळी लवकरच निघाला. ढगाचं जुनं दावं खुंट्यापाशी झिजलेलं दोरवालीला दिसलं. तिने पडवीतल्या नव्या दोराचा तुकडा घेतला. खुंट्यापासून पायवाटेकडे ताणत नेला. अंगणाच्या कडेला एक पांढरा दगड होता. तिथे अंगण संपे आणि पायवाट सुरू होई. दोर दगडाच्या हातभर आतच संपेल असं तिने माप धरलं, कोयत्याने कापलं, गाठ मारली. गवत भिजलेलं होतं, तिची बोटं गार पडली होती. पण गिऱ्हाइकाचा दोर थोडाच होता. कुत्र्याच्या दाव्याला कसली आलीय दुपार. तिने विचारही केला नाही.

साडेबाराला पोस्टमन आला. चोवीस वर्षं तो याच पायवाटेने यायचा. चामडी पिशवी, एक पाय किंचित फेंगडा, आणि चालता चालता पत्ते पुटपुटायची सवय. म्हाताऱ्याला त्याच्याशी गप्पा मारायला आवडत, कारण खोटं बोलण्यात तो म्हाताऱ्याच्या तोडीचा होता. ढग झोपला होता. वाऱ्याने एक कोरडी फांदी मोडून पडली, ढग दचकून उठला आणि भुंकत धावला.

पोस्टमन थांबला. घाबरला नाही. रोजचंच होतं, पांढऱ्या दगडाच्या आत दोर ताणला जाई, ढग दोन पायांवर उभा राही, भुंके, आणि मग लाजल्यासारखा परत जाई. पोस्टमन तिथेच उभा राहून पिशवीत पत्र शोधायला लागला.

दोर दगडाच्या आत ताणला गेला नाही. दगडाच्या बाहेर ताणला गेला.

दोरवाली ओरडत पोचली तेव्हा पोस्टमन खाली बसला होता आणि पत्रं वाऱ्यावर पायवाटेभर पसरली होती. ढग त्याची पोटरी सोडून बाजूला उभा होता, डोकं खाली घालून, आपणच काय केलं हे त्याला उमजत नसल्यासारखा. रक्त विजारीतून बुटात उतरलं होतं.

"वहिनी, आधी पत्रं गोळा करा," पोस्टमन म्हणाला. "पाय कुठे जात नाही."

तिने ढगाला आत कोंडलं, जखम साबणाच्या पाण्याने बराच वेळ धुतली, फडकं बांधलं, आणि शेजारच्याच्या गाडीवर त्याला सुया टोचून घ्यायला पाठवलं. मग गुडघ्यांवर बसून पत्रं गोळा केली. एक ओढ्यापर्यंत गेलं होतं.

संध्याकाळी दोरवाला आला. त्याने बायकोला काही विचारलं नाही. आधी दावं उचललं, बोटांत घेऊन टोकापासून टोकापर्यंत चाचपलं.

"तुटला नाही."

"नाही."

"गाठ सुटली नाही."

"नाही."

"मग पोस्टमन आत आला असणार," दोरवाला म्हणाला. "अंगणात शिरला असेल सावलीला. आपला दोर दगडापर्यंत जात नाही."

म्हातारा खाटेवरून म्हणाला, "पोस्टमन कुणाच्या अंगणात शिरत नाही रे. त्याला अंगणांची ॲलर्जी आहे."

"मग दोर लांब झाला का, बाबा?"

म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिलं. ती भांडी घासत होती. तिला अजून काही सुचलं नव्हतं. पण घासलेलंच ताट तिने पुन्हा घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच कमिटी आली, कारण आठनंतर प्रत्येकाला आपापलं काम होतं. अध्यक्ष आला, साखर आली, बघे आले. शहरातून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांची जाळी लावलेली गाडी ओढ्यापलीकडे उभी होती. पोस्टमन काठी टेकत आला आणि झाडाखाली उकिडवा बसायचा प्रयत्न करून शेवटी पाय लांब करून बसला.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म काढला. "आधी तुम्ही सांगा. यापूर्वी कधी कुत्रा चावलाय?"

पोस्टमनने बऱ्या पायावरची विजार गुडघ्यापर्यंत वर केली. "मोजा. हा शाळेचा काळा. हा तळ्यावरचा गावठी, भला प्राणी, मीच शेपटीवर पाय दिला होता. हे दोन ठिपके कासाराच्या घरचे, नाव राजा, उंची एवढी. या चार बारीक टाचण्या," त्याने अध्यक्षाकडे बघितलं, "लाडातल्या."

लोक हसले. साखर गुरगुरली.

"अकरा झाले. कालचा बारावा. मोठ्या डोक्याचा हा पहिलाच. तुमच्या यादीतला तर एकही नव्हता आजवर."

"लहान चावला तर टाचणी लागते," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "हा चावला तर नऊ टाके. यादी त्यासाठी असते, काका. कोण जास्त वाईट आहे त्यासाठी नाही."

"ते बरोबर," पोस्टमन म्हणाला. "टाके मीच मोजलेत."

"मुद्दा असा," अध्यक्ष म्हणाला, "कुत्रा सुटा होता का बांधलेला?"

दोरवाला याचीच वाट बघत होता. त्याने खुंट्याला बांधलेलं दावं उचललं. छाती रुंद काढून तो दगडाकडे चालत गेला, आणि लोकांना पहिल्यांदा दोरवाला पुढे चालताना दिसला. दोर ताठ झाला. टोक पांढऱ्या दगडाच्या आत थांबलं. चांगलं हातभर आत.

"बघून घ्या. पायवाटेवर उभ्या माणसाला हा कुत्रा पोचूच शकत नाही. आमचा दोर खोटं बोलत नाही."

कुणीतरी हूं म्हणालं. सगळ्यांच्या माना पोस्टमनकडे वळल्या.

"मी पायवाटेवर होतो," पोस्टमन म्हणाला.

"काका, दोर तर दिसतोय."

"मी पायवाटेवर होतो. दगडाच्या बाहेर. पिशवीत हात होता माझा."

"म्हणजे काका आत शिरले, डिवचलं आणि चावून घेतलं," अध्यक्ष म्हणाला. त्याला हायसं वाटलेलं दिसलं. "मग प्रश्नच मिटला. फॉर्मवर तसं लिहा बाई, डिवचल्यामुळे. कुत्रा राहील, दोरवाल्याचं नाव राहील. पोस्टाला कळवावं लागेल तेवढं. दुसऱ्याच्या हद्दीत शिरले म्हणून."

पोस्टमनच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्याने काठी मांडीवर आडवी घेतली आणि तिच्यावर हात फिरवायला लागला. चोवीस वर्षं ज्याने कुणाचं पत्र चुकवलं नाही त्याच्याकडे लोक असे बघत होते, की जणू त्याने चड्डीत काहीतरी लपवलंय. "माझं वय झालंय," तो हळूच म्हणाला, "पण मला पायवाट कळते."

दोरवाली रहाटापाशी उभी होती. नवऱ्याच्या हातातून दोर खाली पडला आणि तिच्या पायाशी येऊन थांबला. तिने तो सहज उचलला. गार होता. दमट. बोटांना कालची सकाळ आठवली.

तिने खाटेकडे बघितलं. सासरे तिच्याचकडे बघत होते. त्यांनी वाखाची विंचरणी खाली ठेवली होती. ती खाली ठेवलेली तिने बावीस वर्षांत पाहिली नव्हती.

गप्प राहणं अगदी सोपं होतं. ढग पडवीच्या दारामागे होता. फळीच्या फटीतून त्याचं राखाडी नाक दिसत होतं. गप्प राहिली तर तो राहणार होता. नवऱ्याची छाती रुंद राहणार होती. विहीरवाला गवंडी यायचा तसा येणार होता. फक्त पोस्टमन लंगडत ओढा ओलांडून जाणार होता, आणि उद्यापासून दुसऱ्या वाटेने येणार होता. रहाट थांबलेला होता तरी तिच्या कानात घरघर चालू होती. त्या घरघरीत तिला पायवाटेवरची पत्रं उडताना दिसली, पांढरी, सावकाश, आणि त्यांच्या मधोमध एक माणूस जागचा न हलता उभा. का हलला नाही तो? आपल्या दोरावर विसंबून.

"दुपारी या," ती म्हणाली.

"काय?"

"सगळ्यांनी दोन वाजता परत या. मग मोजा."

दोरवाला म्हणाला, "अगं, मोजलं की आत्ता. तू गप्प बस."

"अहो, आपण सकाळी मोजतो का कधी?"

तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरायला लागलं, वाख उतरतो तसं, केसर केसर. "दावं कधी कापलंस?"

"काल. दवात."

अध्यक्ष वैतागला. "हे काय चाललंय? मला गिरणी उघडायचीय."

"उघडा," म्हातारा म्हणाला. "सून म्हणतेय दोनला या. कमिटीत असलात म्हणून दोर तुमच्यासाठी लवकर वाळणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं, मग दोरवालीकडे बघितलं, आणि गाडी झाडाखाली आणून लावायला सांगितली.

दोरवाल्याने त्या सकाळी रहाट लावला नाही. तो ओढ्याच्या काठावर जाऊन बसला, पाठ घराकडे करून. बायकोने पाठवलेला चहा त्याने घेतला नाही. वारा दहाला सुटला. अकराला गवत कोरडं झालं. दावं अंगणात पडून होतं आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. म्हातारा आणि पोस्टमन त्याच्याकडे टक लावून बसले, पाण्यातल्या गळाकडे बसावं तसे.

"वाढतंय," म्हातारा म्हणाला.

"दिसत नाही हो."

"नीट बघा. आत्ता बोटभर सरकलं. माझ्या लग्नाच्या दोराने असंच मला पुढच्या गावात ढकललं होतं."

"तुमचं लग्न म्हणजे एकूण हवामानाचा दोष म्हणायचा."

दोन वाजता लोक सकाळपेक्षा जास्त आले. ऊन इतकं होतं की चाल वाफेसारखी हलत होती आणि ओढ्याकडची माणसं जमिनीवर टेकलेली दिसत नव्हती. दोरवाली स्वतः पुढे झाली. तिने दाव्याचं टोक उचललं, खुंट्यापासून ताणत निघाली. दगडापाशी आली. थांबली नाही. दगडाच्या पुढे एक पाऊल गेली, मग दुसरं अर्धं, आणि मग दोर ताठ झाला. ती पायवाटेच्या मधोमध उभी होती.

 पोस्टमनने मान डोलावली, आपल्यालाच कुणीतरी आपली ओळख पटवून दिल्यासारखी.

"माप मी धरलं होतं," ती म्हणाली. "सकाळी. आमच्या घरात सकाळी माप धरत नाहीत. मी धरलं. काका होते तिथेच होते."

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म मांडीवर घेतला. अध्यक्षाने सकाळीच 'जात' या चौकोनात ठळक अक्षरात यादीतलं नाव भरून ठेवलं होतं. त्याखाली 'जबाबदार व्यक्ती' हा चौकोन कोरा होता.

"तो भरा," दोरवाली म्हणाली. "माझं नाव घाला."

"मालक हे आहेत ना?" बाईंनी दोरवाल्याकडे पेन दाखवलं.

तो गर्दीच्या मागे उभा होता. त्याने मान खाली घातली, मग म्हणाला, "दोघांचं घाला."

"तरी जात यादीत आहे," अध्यक्ष म्हणाला. "चावलाय. आता तर डिवचलेलाही नाही. गाडीत घाला आणि मोकळे व्हा."

पडवीच्या फळीवर ढगाने एकदा नख ओढलं.  दोरवालीने दाव्याचं टोक दोन्ही हातांत धरलं.

"यादीखाली एक ओळ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यादी भिंतीवर लावताना तुम्ही खळ जास्त लावलीत, त्यात ती ओळ गेली बहुतेक. सुटका होऊ नये अशी व्यवस्था मालकाने केली, आणि मालकाशिवाय दुसऱ्या कुणी हमी घेतली, तर कुत्रा दहा दिवस घरी ठेवून बघता येतो. हमी घेणाऱ्याने रोज येऊन त्याला डोळ्यांनी बघायचं आणि सही करायची. एक दिवस चुकला तरी गाडी येईल. दहा दिवसांनी मी येईन आणि ठरवीन. तोंडाला जाळी, अंगणाला कुंपण, दहा दिवसांत. आणि हा गोड प्राणी आहे वगैरे मला सांगायचं नाही. नऊ टाके पडलेत."

"नाही सांगणार," दोरवाली म्हणाली.

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. रोज यायचं. कुणाला शेत होतं, कुणाला दुकान. एकाची बायको माहेरी जायची होती. एकाला कुत्र्यांची नव्हे पण सह्यांची भीती होती.

"रोज येणारा माणूस पाहिजे ना?" पोस्टमन म्हणाला. "आणा ते पेन."

अध्यक्ष बघतच राहिला. "तुम्ही? तुम्हाला चावलाय तो."

"अकरा वेळा चावून घेतलंय मी, अध्यक्ष. अकरा घरी मला एकच सांगितलं, आमचा कधी असं करत नाही. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं होतं की मीच कुत्र्यांना चावतोय." त्याने सही केली, सवयीने खाली तारीख आणि वेळही घातली. "बाराव्या घरी पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, चुकलं. वहिनी, मी दगडाच्या बाहेरूनच बघणार. आणि दहा दिवस चहा लागेल."

दहा दिवस गेले. दोरवालीने ओढ्याकाठचे बांबू तोडून कुंपण घातलं, तिचे तळहात सोलले. खुंटा उपटून चालीच्या पलीकडे ठोकला. नवं दावं दोन वाजता मोजलं, सासऱ्यांसमोर, आणि वर हातभर कमी धरलं. पोस्टमन रोज साडेबाराला येऊन कुंपणावरून ढगाकडे बघे, तोंडाला जाळी बांधलेला ढग त्याच्याकडे बघे, आणि दोघेही जरासे ओशाळत. अकराव्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या, ढगाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, कुंपण हलवून बघितलं, दावं स्वतः ओढून बघितलं. गाडी रिकामी परत गेली.

नवरा मात्र घरात नव्हता. म्हणजे होता, जेवत होता, रहाटापासून मागे मागे चालत होता, पण दर पाच-सहा पावलांना खांद्यावरून वळून बघत होता. ती म्हणायची, "दगड," आणि तो वळून दगड बघायचा, मगच पाऊल उचलायचा. रागावला नव्हता. रागावला असता तर तिला चाललं असतं. त्या दहा दिवसांचा दोर जागोजागी जाड निघाला. म्हातारा तो बोटांतून ओढायचा आणि बाजूला टाकायचा. पडवीत अशा दोराचा ढीग झाला. आणि गिऱ्हाईक एकही आलं नाही. दोरवाल्याच्या घरचा दोर वाढतो, ही गोष्ट गिरणीत पिठाबरोबर घरोघरी गेली होती, आणि प्रत्येक घरी हातभर लांब होऊन.

बाराव्या दिवशी सकाळी विहीर खणणारा गवंडी आला. दोरवाल्याने त्याला येताना बघितलं आणि त्याचे हात वाखातच थांबले. गवंडी कुंपणाचं फाटक नीट लावून आत आला. ढगाकडे एकदा बघितलं. खुंट्याकडे बघितलं. मग झाडाखाली गेला, चप्पल काढली, पाय पसरले आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

"दोर किती हात?" दोरवाल्याने विचारलं. 

"साठ," टोपीखालून उत्तर आलं. "घाई नाही. दोन वाजता उठवा."

म्हाताऱ्याने विंचरणी उचलली.

दोरवाली रहाटापाशी बसली. दोरवाल्याने कमरेला वाख गुंडाळला, केसरं आकड्याला अडकवली. रहाट फिरायला लागला. घरघर, तंतू, ऊन. तो निघाला, दहा पावलं, वीस, तीस, आणि तिसाव्या पावलाला खांदा वळायला लागलेला तिला दिसला. मग खांदा परत जागेवर आला. तो तिच्याकडेच बघत होता. चाळीस. पन्नास. ऊन अंगावर घेत ढग दाव्याच्या टोकापर्यंत आला होता आणि चालीच्या मधोमध, नवऱ्याच्या टाचेमागे, आडवा पसरून झोपला होता. मोठा, राखाडी, खाली उतरून आलेला.

तिने रहाट थांबवला नाही. आवाजही चढवला नाही.

"ढग," ती म्हणाली.

दोरवाल्याने पाय उंच उचलला, एक, मग दुसरा, आणि मागे न बघता कुत्र्यावरून पलीकडे गेला. बोटांतला दोर सारखा येत राहिला.